शेवटी कंस वाढवला, एरर गेली. मग खेळाडू एकदाच उडी का मारतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि दुसऱ्याचा पहिल्याशी काही संबंध नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुम्ही युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टू-डी प्लॅटफॉर्म प्रकारचा गेम करत आहात. प्लेअरकंट्रोलर नावाच्या, सी शार्प भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये किरकोळ फेरफार केल्यावर कन्सोलमध्ये, म्हणजे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत, (३६,२) या जागेवर सीएस१५१३ ही लाल एरर आली आणि तिचा मजकूर होता ‘} एक्सपेक्टेड’, म्हणजे इथे बंद करणारा महिरपी कंस अपेक्षित होता. छत्तिसावी ओळ फाइलची शेवटची, आणि तिच्यावर तर कंस आहेच; मग आणखी कोणता कंस मागत आहे, असा तुम्हाला प्रश्न पडला. मित्राने सुचवले म्हणून तुम्ही खाली सदतिसाव्या ओळीवर एक कंस वाढवला, एरर गेली आणि गेम सुरू झाला. आता मात्र खेळाडू पहिली उडी व्यवस्थित मारतो आणि त्यानंतर बटण कितीही वेळा दाबले तरी जमीन सोडत नाही. जमिनीचा कोलायडर (टक्कर ओळखणारी कड), तिचा टॅग (ओळखीची चिठ्ठी), रिजिडबॉडीचे (वस्तूला फिजिक्सचे नियम लावणाऱ्या घटकाचे) वजन हे सगळे तपासून झाल्यावर तुम्ही विचारत आहात की फिजिक्सच्या सेटिंगमध्ये नेमके काय बदलावे.

फिजिक्सच्या सेटिंगमध्ये काहीही बदलू नका, आणि वजन बदलले असेल तर ते पूर्ववत करा. कंपायलरची, म्हणजे कोड वाचून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमची, तक्रार आणि न मारलेली दुसरी उडी या दोन्हींचे मूळ तुमच्या सव्विसाव्या ओळीत आहे. शेवटी कंस वाढवल्याने कंपायलर गप्प बसला, पण चूक होती तिथेच राहिली. फरक इतकाच की आधी ती लाल अक्षरांत दिसत होती आणि आता ती गेमच्या वागण्यात दिसते. असे का होते ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार नवख्यांच्या स्क्रिप्टमध्ये मला वारंवार दिसतो आणि एकदा त्यामागची कारणे कळली की पुढच्या वेळी विचारायला यावे लागत नाही.

सुरुवात एररच्या ओळीपासून करू. कंसातले दोन आकडे म्हणजे ओळ आणि त्या ओळीतला रकाना. तुमच्या छत्तिसाव्या ओळीवर एकच चिन्ह आहे, क्लास बंद करणारा महिरपी कंस, आणि तो पहिल्या रकान्यात आहे. कंपायलरने बोट ठेवले आहे ते दुसऱ्या रकान्यावर, म्हणजे त्या कंसाच्या लगेच पुढच्या रिकाम्या जागेवर. त्यामुळे तो ‘हा कंस दिसत नाही’ असे म्हणत नसून ‘हा कंस वाचला, पण तो माझ्या हिशेबात दुसऱ्याच कशाला तरी बंद करून गेला, आता फाइल संपली आणि एक अजून उघडाच आहे’ असे म्हणत आहे. तुमच्या नजरेला तो क्लासचा कंस दिसतो, कारण तो डाव्या कडेला आहे. कंपायलरला डावी कड, उजवी कड असे काही नसते. सी शार्पमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला काहीही अर्थ नाही; ती माणसांसाठी आहे.

मग कंपायलर जोड्या कशा लावतो? वरून खाली वाचत जाताना भेटणारा प्रत्येक उघडणारा कंस तो लक्षात ठेवतो, आणि बंद करणारा कंस भेटला की सर्वांत अलीकडे उघडलेल्याशी त्याची जोडी लावून मोकळा होतो. लांबलचक पत्रात कोणी अवतरणचिन्ह उघडले आणि मिटवायला विसरले, तर वाचणारा पुढचा सगळा मजकूर दुसऱ्याचे बोलणे समजून वाचत जातो आणि पत्र संपल्यावरच त्याला शंका येते. इथेही तेच होते. म्हणून मधला एखादा कंस गळाला, तर तक्रार जवळजवळ नेहमी शेवटी येते. सीएस१५१३ फाइलच्या शेवटच्या ओळीवर दिसली की तिचा अर्थ ‘शेवटी कंस टाका’ असा न घेता ‘वर कुठेतरी एक कंस बंद व्हायचा राहिला आहे’ असा घ्यावा.

आता तुमचाच कोड बावीस क्रमांकाच्या ओळीपासून पाहू. फंक्शनांची आणि चलांची नावे मी इथे देवनागरीत लिहीत आहे, तुमच्या फाइलमध्ये ती आहेत तशीच राहू द्या. बाविसाव्या ओळीवर ‘अपडेट’ या फंक्शनच्या आत ‘इफ’ सुरू होतो: उडीचे बटण दाबले असेल आणि ‘इजग्राउंडेड’ खरे असेल तर. तेविसाव्या ओळीवर त्याचा कंस उघडतो, चोविसावर वरच्या दिशेने बल लावले जाते, पंचविसावर ‘इजग्राउंडेड’ खोटे केले जाते. सव्विसावी ओळ तुम्ही दिलेल्या मजकुरात अशी आहे:

// डीबग.लॉग("उडी"); }

ही कन्सोलमध्ये ‘उडी’ असा संदेश (लॉग) छापणारी, तुम्ही चाचणीसाठी लिहिलेली आणि नंतर नको म्हणून पुढे दोन तिरप्या रेघा देऊन बंद केलेली ओळ आहे. लॉग बंद झाला हे ठीकच, पण त्याच ओळीच्या टोकाला ‘इफ’ बंद करणारा कंस होता आणि तोही कॉमेंटमध्ये गेला. दोन तिरप्या रेघांनंतर ओळ संपेपर्यंतचे सगळे कंपायलर सोडून देतो. तुम्हाला कंस दिसतो, मोजले तर हिशेबही बरोबर जुळतो, आणि म्हणूनच तुम्ही लिहिले आहे की ‘मी कंस दोनदा मोजले, सारखेच आहेत’. तुमची मोजणी चुकली नाही. फक्त तुम्ही मोजलेला एक कंस कंपायलरच्या लेखी अस्तित्वातच नाही. एडिटरमध्ये तो कंस बाकीच्या कंसांच्या रंगाचा नसून कॉमेंटच्या रंगाचा, बहुधा हिरवा, दिसेल. जाऊन पाहा.

इथून पुढे जोड्या एकेका घराने सरकतात. सत्ताविसाव्या ओळीवरचा कंस तुम्ही ‘अपडेट’साठी लिहिला होता, तो ‘इफ’ला बंद करतो. ‘अपडेट’ उघडेच राहते. एकोणतिसाव्या ओळीवर ‘ऑनकोलिजनएंटर२डी’ सुरू होते, आणि ते आता ‘अपडेट’च्या पोटात आहे. त्याचे स्वतःचे कंस आपापसांत नीट जुळतात. छत्तिसाव्या ओळीवरचा, तुम्ही क्लाससाठी लिहिलेला कंस ‘अपडेट’ला बंद करतो. क्लास उघडाच राहतो, फाइल संपते, आणि कंपायलर (३६,२) वर हात वर करतो.

यावर तुम्ही विचाराल की एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन आले, तेव्हाच कंपायलरने एकोणतिसाव्या ओळीवर का अडवले नाही? या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. सी शार्पच्या ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, फंक्शनच्या आत फंक्शन लिहायला भाषेनेच मुभा दिलेली आहे. त्याला लोकल फंक्शन म्हणतात. युनिटीमध्ये ही सोय २०१८.३ पासून सर्रास मिळू लागली, कारण त्या आवृत्तीत युनिटीने मोनोचा जुना कंपायलर सोडून मायक्रोसॉफ्टचा रोझलिन हा कंपायलर स्वीकारला. त्याआधीचा कंपायलर अशा वेळी पुढच्या फंक्शनच्या सुरुवातीच्या ‘व्हॉइड’ (हे फंक्शन काही परत देत नाही, असे सांगणाऱ्या) शब्दावर अडखळत असे, त्यामुळे एरर निदान चुकीच्या जवळपास तरी दिसे. तुम्ही पाहत असलेले धडे जुने असतील तर त्यांत ‘एरर ज्या ओळीवर आहे तिच्या लगेच वर पाहा’ असा सल्ला आढळेल. तो त्या काळी ठीक होता, तुमच्या फाइलला तो लागू पडत नाही.

त्यात भर म्हणजे, युनिटी नवी स्क्रिप्ट तयार करून देते तेव्हा तिच्यात ‘स्टार्ट’ आणि ‘अपडेट’ ही दोन्ही फंक्शने नुसती ‘व्हॉइड’ने सुरू होतात, पुढे ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ काही नसते. विद्यार्थी तोच कित्ता गिरवून बाकीची फंक्शने लिहितात. आणि नुसत्या ‘व्हॉइड’ने सुरू होणारे फंक्शन लोकल फंक्शन म्हणून अगदी चपखल बसते. कंपायलरला हरकत घेण्याजोगे काही सापडतच नाही, आणि तो सगळे पोटात घेत फाइलच्या टोकापर्यंत जातो.

आता शेवटी वाढवलेल्या कंसाने काय केले ते स्पष्ट होईल. त्याने क्लास बंद केला. कंसांचा हिशेब जुळला, व्याकरणाच्या दृष्टीने स्क्रिप्ट निर्दोष झाली. पण ‘ऑनकोलिजनएंटर२डी’ अजूनही ‘अपडेट’च्या आतच आहे, आणि युनिटीला ते दिसत नाही. टक्कर झाल्यावर हे फंक्शन कोण बोलावते याचा विचार करा. तुमच्या कोडमध्ये त्याला कोणीही बोलावत नाही. युनिटीचे इंजिन क्लासमध्ये या ठरावीक नावाचे फंक्शन आहे का ते बघते आणि असेल तर योग्य वेळी चालवते. लोकल फंक्शन झाल्यावर ते क्लासचे त्या नावाचे सदस्य राहत नाही. कंपायलर त्याला आतल्या आत वेगळेच नाव देतो. इंजिनला वाटते की या स्क्रिप्टला टकरीशी काही देणेघेणे नाही, आणि ते पुढे जाते. तक्रार करण्याचे कारणही त्याला नसते, कारण टक्कर न हाताळणाऱ्या स्क्रिप्ट असंख्य असतात.

दहाव्या ओळीवर तुम्ही ‘इजग्राउंडेड’ची सुरुवातीची किंमत खरी ठेवली आहे. त्यामुळे पहिली उडी मिळते. पंचविसाव्या ओळीवर ती खोटी होते. पुन्हा खरी करण्याचे काम तेहतिसाव्या ओळीचे, आणि ती ओळ आता कधीच चालत नाही. म्हणून बरोबर एकच उडी. सुरुवातीची किंमत खोटी ठेवली असती तर एकही उडी मिळाली नसती आणि तुम्ही बहुधा इनपुटच्या सेटिंगमध्ये शोधत बसला असता.

याचा पुरावा तुमच्या कन्सोलमध्येच आहे. शेवटचा कंस वाढवून एरर गेल्यावर तिथे एक पिवळी ओळ आली असणार: सीएस८३२१, आणि तिचा आशय असा की ‘ऑनकोलिजनएंटर२डी’ हे लोकल फंक्शन लिहिले आहे, पण ते कुठेही वापरलेले नाही. दिसत नसेल तर कन्सोलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातले पिवळ्या त्रिकोणाचे बटण बंद असेल. ते चालू करा. पिवळ्या वॉर्निंगकडे दुर्लक्ष करायची सवय बहुतेकांना लागते, कारण बाहेरून आणलेल्या पॅकेजांमधूनही त्या येत राहतात आणि त्यांतल्या कित्येक खरोखर बिनमहत्त्वाच्या असतात. पण युनिटीच्या एखाद्या ठरावीक फंक्शनाचे नाव आणि ‘लोकल फंक्शन’ हे शब्द एकाच वॉर्निंगमध्ये दिसले, तर ती लाल एररइतकीच गंभीर समजा. आधी ही वॉर्निंग का दिसली नाही, तर व्याकरण चुकलेले असताना कंपायलर वापर-गैरवापराच्या तपासणीपर्यंत पोचतच नाही.

दुरुस्ती अर्थातच अगदी छोटी आहे. सदतिसाव्या ओळीवर वाढवलेला कंस काढून टाका. सव्विसाव्या ओळीच्या टोकाचा कंस कॉमेंटमधून सोडवून स्वतंत्र ओळीवर, ‘इफ’च्या बरोबर खाली, आणून ठेवा. फाइल सेव्ह करा, युनिटीत परत या, कंपाइल होऊ द्या. लाल ओळ आणि ती पिवळी ओळ दोन्ही जातील, आणि दुसरी उडी मिळेल.

तुमच्या फाइलमध्ये मला कंस दिसला कारण ती छत्तीस ओळींची आहे. चारशे ओळींची असती तर मीही डोळ्यांनी शोधले नसते. अशा वेळी माझी रीत अशी आहे. मी बाहेरून आत जातो. क्लासच्या उघडणाऱ्या कंसावर कर्सर ठेवतो आणि एडिटरला त्याची जोडी दाखवायला सांगतो, व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल धरून ] दाबले की कर्सर थेट जोडीदार कंसावर उडी घेतो. क्लासची जोडी सापडली नाही, तर मग एकेका फंक्शनच्या उघडणाऱ्या कंसावर तेच करतो. जोडी त्याच फंक्शनच्या तळाशी पोचली तर ते फंक्शन निर्दोष. ज्या फंक्शनची जोडी पुढच्या फंक्शनच्याही पलीकडे जाऊन पडते, गडबड त्याच्या आत आहे. तुमच्या फाइलमध्ये ‘स्टार्ट’ची जोडी पंधराव्या ओळीवर मिळेल आणि ‘अपडेट’ची छत्तिसाव्या ओळीवर, म्हणजे शोध एका फंक्शनपुरता उरला. मग त्या फंक्शनच्या आतल्या प्रत्येक ‘इफ’ आणि ‘फॉर’वर तीच तपासणी.

दुसरी रीत त्याहून झटपट आहे आणि पुष्कळदा मी तिच्यापासूनच सुरुवात करतो: एडिटरला संपूर्ण फाइलची मांडणी पुन्हा करायला सांगायची. व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल धरून के आणि मग डी, व्हीएस कोडमध्ये विंडोजवर शिफ्ट, ऑल्ट आणि एफ. मांडणी करणारा एडिटर ओळी सरकवतो त्या कंपायलरच्या हिशेबाने, तुमच्या मनातल्या हिशेबाने नव्हे. जिथे कंस गळाला आहे तिथून खालचा सगळा मजकूर एक पायरी उजवीकडे सरकतो. ‘ऑनकोलिजनएंटर२डी’ हे ‘स्टार्ट’ आणि ‘अपडेट’च्या रांगेत न राहता आत सरकलेले दिसले की वेगळा पुरावा लागत नाही. केवळ कंस मोजण्यावर मात्र विसंबू नका. कॉमेंटमधले कंस मोजणीत येतात, गुणसंख्या दाखवण्यासाठी डॉलरचे चिन्ह देऊन लिहिलेल्या मजकुरातले महिरपी कंसही येतात, आणि मोजणी चुकली आहे एवढे कळले तरी कुठे चुकली ते कळत नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलेल ते सांगतो. तुमच्या पुढच्या फंक्शनच्या आधी ‘प्रायव्हेट’ लिहिलेले असते तर चित्र निराळे दिसले असते. लोकल फंक्शनला असे विशेषण चालत नाही. कंपायलरच्या आवृत्तीनुसार अशा वेळी एक तर त्या ओळीवरच सीएस०१०६ येते, जिचा आशय ‘प्रायव्हेट हे विशेषण इथे लागू होत नाही’ असा आहे, किंवा त्या फंक्शनच्या जरा आधीच बंद कंसाची मागणी होते. दोन्ही वेळा बोट चुकीच्या जवळ पडते, आणि दोन्ही वेळा शेवटी कंस वाढवून सुटका होत नाही, एरर कोणत्या तरी रूपात शिल्लक राहते. याच कारणासाठी मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलांना प्रत्येक फंक्शनपुढे ‘प्रायव्हेट’ स्पष्ट लिहायला लावतो. युनिटीला त्याची गरज नाही, भाषेलाही नाही, कारण काही न लिहिल्यास क्लासमधले फंक्शन प्रायव्हेटच धरले जाते. काही जणांना हा निव्वळ काटेकोरपणा वाटतो. पण कंस गळाल्यावर कंपायलरला लवकर अडखळायला भाग पाडणारा तो स्वस्त उपाय आहे.

उलट प्रकारही होतो, आणि तोही कॉमेंटमुळेच. ‘इफ’ची ओळ आणि तिचा उघडणारा कंस एकाच ओळीवर लिहिणाऱ्याने ती अट तात्पुरती बंद केली, तर बंद करणारा कंस एकटा उरतो. मग क्लास वेळेआधी बंद होतो आणि खालची फंक्शने क्लासच्या बाहेर पडतात. शेवटी सीएस१०२२ येते, म्हणजे ‘इथे फाइल संपायला हवी होती’. आणि मधल्या फंक्शनांवर जुन्या आवृत्त्यांत सीएस०११६, तर सी शार्प ९ चालवणाऱ्या युनिटी २०२१.२ आणि पुढच्या आवृत्त्यांत सीएस८८०३ दिसू शकते. या दुसऱ्या एररच्या मजकुरात ‘टॉप-लेव्हल स्टेटमेंट’ असे शब्द येतात आणि नवखा माणूस ते काय असते हे शोधत तासभर घालवतो. गेमच्या स्क्रिप्टपुरता तिचा व्यावहारिक अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की वर कुठेतरी एक कंस जास्त आहे.

सगळ्याच एररकडे इतक्या संशयाने पाहायची गरज नाही. अर्धविराम राहिला असे सांगणारी सीएस१००२ बहुतेक वेळा नेमक्या जागी बोट ठेवते, कारण रोझलिन गहाळ चिन्हाची जागा आधीच्या शब्दाच्या टोकाला दाखवतो. गोल कंस मागणारी सीएस१०२६ तशीच. इनपुटच्या फंक्शनचा कंस आणि ‘इफ’चा कंस असे दोन लागोपाठ हवे असताना एकच लिहिला की ती येते. मजकुराचे अवतरणचिन्ह बंद केले नाही तर सीएस१०१० त्याच ओळीवर दिसते. या तिन्हींचा पल्ला एका ओळीपुरता असतो. महिरपी कंस आणि तारांकित कॉमेंट (/* ने उघडून */ ने बंद होणारी) यांचा पल्ला मात्र फाइलभर असतो. तारांकित कॉमेंट उघडून बंद केली नाही तर सीएस१०३५ येते, आणि तिथे कॉमेंट सुरू कुठे झाली ते शोधण्यासाठी रंग पाहत वर जावे लागते.

आपल्याकडच्या मुलांच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट भेटते, म्हणून सांगून ठेवतो. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि वेगाच्या किमतीत ५ हा देवनागरी आकडा टाइप झाला, तर सीएस१०५६ येते, अनपेक्षित अक्षर म्हणून. गंमत अशी की चलाचे नाव देवनागरीत, उदाहरणार्थ ‘गती’, ठेवलेले सी शार्पला चालते. आकडा मात्र चालत नाही. पीडीएफमधून किंवा वर्डमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात, त्यांनाही हीच एरर. आणि तिच्या मजकुरात अवतरणांमध्ये काहीच दिसत नसेल, तर शून्य रुंदीची मोकळी जागा कोडबरोबर चिकटून आलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती ओळ पुसून हाताने पुन्हा लिहिणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग.

दुरुस्तीनंतर घाबरून जाऊ नये म्हणून एक सूचना. कंस योग्य जागी ठेवल्यावर कधी कधी एकदम नव्या चार-पाच एरर उगवतात: चलाचे नाव सापडत नाही, दशांश संख्येपुढे एफ लिहिला नाही, वगैरे. दुरुस्तीने बिघाड वाढला असा समज करून घेऊन मुले पूर्वीची चूक परत आणून ठेवतात. वस्तुस्थिती अशी आहे की कंपायलर आधी सगळ्या फाइलींचे व्याकरण तपासतो आणि ते शुद्ध असेल तरच अर्थाकडे वळतो. त्या एरर आधीपासून होत्या, त्यांची पाळी आता आली. तसेच एका स्क्रिप्टमधली व्याकरणाची चूक तिच्याबरोबर कंपाइल होणाऱ्या बाकीच्या स्क्रिप्टनाही अडवते. त्यामुळे भलतीच, पूर्ण निर्दोष स्क्रिप्ट एखाद्या वस्तूला जोडताना क्लास सापडत नसल्याचा संदेश आला, तर त्या स्क्रिप्टच्या नावाशी झगडण्याआधी कन्सोलमधली लाल ओळ पाहा. अनेक लाल ओळी असतील तर सगळ्यांत वरच्या ओळीचा आधी निकाल लावा आणि पुन्हा कंपाइल करा. खालच्यांतल्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

कॉमेंट करण्याची पद्धत मात्र बदला. बंद करणारा महिरपी कंस नेहमी स्वतंत्र ओळीवर असू द्या, दुसऱ्या विधानाच्या शेपटीला लावू नका. मग लॉगची ओळ शंभरदा बंद-चालू केली तरी कंसाला धक्का लागत नाही. युनिटीच्या तयार स्क्रिप्टमध्येही कंस स्वतंत्र ओळीवर असतात. तुमच्या फाइलमध्ये बाकी सगळीकडे तीच शैली आहे आणि सव्विसाव्या ओळीवरच ती मोडली आहे. लॉगची ओळ घाईत लिहिताना हे झाले असावे, असा माझा अंदाज.

एवढे करूनही दुसरी उडी मिळाली नाही, तर मग तुम्ही आधी तपासलेल्या गोष्टींकडे वळायला हरकत नाही, पण या क्रमाने. फंक्शनचे नाव अक्षरन् अक्षर बरोबर आहे का पाहा. शेवटचा डी छोटा लिहिला किंवा २डी गाळले तर कंपायलर काही बोलत नाही, इंजिन मात्र ते फंक्शन टू-डी टकरीसाठी वापरत नाही. कंसात घेतलेला प्रकार कोलिजन२डी आहे का पाहा. तिथे कोलायडर२डी लिहिले असेल तर गेम चालू असताना कन्सोलमध्ये तशी तक्रार येते. त्यानंतर टॅग: कोडमध्ये लिहिलेला टॅग आणि जमिनीला दिलेला टॅग यांतला लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही, आणि टॅग नुसता यादीत तयार करून जमिनीला द्यायचा राहिला असेल तर तुलना मुकाट्याने खोटी ठरते. ‘ऑनकोलिजनएंटर२डी’च्या पहिल्याच ओळीवर एक लॉग टाका. तो उमटला तर दोष टॅगमध्ये आहे. उमटला नाही, तर युनिटीची आवृत्ती, संपूर्ण स्क्रिप्ट आणि कन्सोलमधली सर्वांत वरची ओळ जशीच्या तशी कॉपी करून इथे टाका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. त्यात कॉमेंटचा हिरवा आणि कोडचा पांढरा यांतला फरक कळत नाही.